पाण्याचं विरजण

एका राज्यात, जिथं डोंगर दमून सपाटीला टेकतात, तिथं भद्रसेन नावाचा राजा नांदत होता. राजा मनाचा चांगला, पण घाईचा. भात शिजेपर्यंत दम धरील, निवेपर्यंत धरणार नाही, अशातली गत.

त्याची राणी मृगावती डोंगरातली. माहेरी तिच्या घरामागं धबधबा होता, त्याच्या आवाजात ती वाढली. सपाटीच्या महालात तिचा डोळा लागेना. ती राजाला म्हणाली, "महाराज, इथली शांतता मला टोचते." राजानं त्याच दिवशी हुकूम सोडला, की महालाच्या परसात तळं व्हावं, तळ्यावर धबधबा व्हावा, आणि कार्तिकी पुनवेच्या आत व्हावा.

त्या राज्यात सिदोबा म्हणून एक तळेकरी होता. तळी बांधावी, तळी राखावी, हा त्याच्या सात पिढ्यांचा धंदा. साठी उलटलेली, हात सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. त्याची बायको हौसा. सिदोबा माती आणी, हौसा तुडवी. सिदोबा दगड बसवी, हौसा चुना घोटी. चाळीस वर्षांचा संसार झाला, पण त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नाही आणि तिनं त्याचं नाव कधी ओठावर आणलं नाही. तो म्हणे 'अगं', ती म्हणे 'अहो', आणि तेवढ्यात सगळं भागे. नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं तिथल्या बायका मानीत. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा हौसा तोंडात पदर कोंबून गोठ्यात पळाली होती, ती गुरांनीच बाहेर काढली, असं लोक अजून सांगत.

तर सिदोबानं खड्डा घेतला. कडेला घोटाभर, मध्ये छातीभर. काळी माती, भुसा आणि राख कालवून हौसानं तीन थर तुडवले. वर सात दगडांची उतरंड रचली. दगड बसवताना सिदोबा म्हणाला, "अगं, पाणी दगडाला चाटून उतरलं तर ते मुकं पडतं. दगडाचा ओठ पुढं काढावा, मागं पोकळी ठेवावी, म्हणजे पाणी बोलतं." हौसा म्हणाली, "चाळीस वर्षं हेच सांगताय. दगडालाही पाठ झालं असेल." मग रहाट बसवला. बैलानं रहाट ओढावा, तळ्यातलं पाणी वर चढावं, सात दगडांवरून उतरून परत तळ्यात यावं, अशी सोय झाली.

आता तळेकऱ्यांची एक रीत होती. नवं पाणी अजाण असतं. ना त्याला चव, ना त्याला ओळख. म्हणून जुन्या तळ्यातली एक घागर आणून नव्या तळ्यात ओतायची. दुधाला जसं विरजण, तसं हे पाण्याला विरजण. मग पाणी चार दिवसांत लागतं, शहाणं होतं, त्यात किडामुंगी, बेडूक, मासा सुखानं राहतो. विरजणाशिवाय तळं भरू नये, असं सिदोबाच्या बापानं मरताना सांगितलं होतं.

सिदोबानं तशी घागर आणली होती. पाणी हिरवट, वास मातकट, वर एक बेडकाचं पिल्लू शेपूट हलवीत होतं. नेमके तेव्हाच राजाचे कारभारी जरीच्या मोजड्या घालून तिथं आले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे काय, म्हातारबा? डबक्यातलं पाणी राजाच्या तळ्यात?"

सिदोबा आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. पण त्या मोजड्या पाहून तो लाजला आणि बोलून गेला, "नाही सरकार, पाय धुवायला आणलंय." आणि घागर त्यानं लिंबाच्या बुंध्याशी उपडी केली.

हौसा ओरडली, "अहो, विरजण!"

"गप."

मग मनातली टोचणी बुजवायला त्यानं तळ्याच्या कडा आणि सातही दगड चिंचेनं घासले, राखेनं घासले, इतके घासले की दगडांवर ऊन ठरेना. पुनवेच्या दिवशी भर दुपारी पाणी सोडलं.

पाणी इतकं निर्मळ होतं की ते आहे की नाही हेच कळेना. बैल चालू लागला. त्याच्या गळ्यातली घंटा वाजली, रहाट कुरकुरला, पाणी वर चढलं आणि सात दगडांवरून खाली पडू लागलं. पण त्याचा आवाज झाला नाही. लोक कान देऊन उभे राहिले. पाणी पडत होतं, फेस उठत होता, तुषार अंगावर येत होते, पण पाणी मुकं होतं.

"काय निर्मळ आहे!" राजा म्हणाला आणि त्यात वाकून पाहिलं. राजाच्या मागोमाग बागेतला मोर आला, त्यानंही पाहिलं. दुपारची भाकरी घेऊन हौसा आली. कुंकू सरळ आहे ना, हे बघायला तीही वाकली. राणी तेवढी वरच्या खिडकीतच बसून होती. त्या दिवशी तिघं वाकली. तिघं सरळ झाली, पण त्यांची प्रतिबिंबं वाकलेलीच राहिली.

संध्याकाळी घरी हौसा आरशापुढं बसली आणि म्हणाली, "अहो, आरसा बिघडला वाटतं. यात नुसती भिंत दिसते."

सिदोबानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. आरशात भिंत होती, खुंटी होती, तो स्वतः होता. हौसा नव्हती.

जेवताना आमटी अळणी लागली. "अगं, मीठ राहिलं."

"मीठ म्हणजे काय?" हौसानं विचारलं. थट्टा नव्हती. ती खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी ती माहेरचं गाव विसरली. तिकडं राजा दरबारात आला आणि सिंहासनाला हात लावून म्हणाला, "एवढी उंच खुर्ची कुणाची?" कारभाऱ्यांनी मांत्रिक आणला. मांत्रिकानं तळ्यावर लिंबू ओवाळून पाण्यात टाकलं. लिंबू तरंगत काठाला आलं. ते कापून पाहिलं, तर आंबटपणा विसरलेलं. मांत्रिक दक्षिणा न घेता निघून गेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मोर आपली केका विसरला. चोच उघडली, आवाज आला नाही. मग तो एकेक पाऊल टाकीत तळ्याकडं गेला, पाण्यात शिरला, आणि पाणी त्याच्या डोक्यावर मिटलं. तरंग उठला नाही. एक पीसही वर आलं नाही.

काठावर एक ढोकरी, तळ्याकाठची बगळी, मान खांद्यात घालून बसली होती. ती सिदोबाकडं न बघताच म्हणाली, "पाखराची आठवण ती केवढी. तीन दिवसांत संपली. माणसाला नऊ दिवस पुरते."

सिदोबानं पक्ष्याला हात जोडले. "बाई, हे काय झालं?"

"तुला ठाऊक आहे काय झालं ते. पाणी पोरकं आहे. त्याला स्वतःचं काही नाही, म्हणून समोर येईल त्याचं ठेवून घेतं. आधी रूप घेतलं, आता आठवण घेतंय. घराचं शेवटचं नाव जाईल त्या दिवशी माणसालाच घेईल."

"शेवटचं नाव कुणाचं?"

"तुझ्या बायकोचं म्हणशील तर तुझंच. दुसरं कुणाचं असणार?"

सिदोबा म्हणाला, "मी तिला घरात कोंडतो."

"कोंड. पाणी उंबऱ्याशी येईल."

"मी तळं उपसतो."

"उपस. आणि त्यातली माणसं कुठं ओतशील, तेही सांग." ढोकरीनं एक पाय वर घेतला. "थोरल्या तळ्यावर जा. जे सांडलंस ते मागून आण."

सिदोबा राणीपुढं उभा राहिला आणि घागरीचं खरं खरं सांगून मोकळा झाला. राणी म्हणाली, "सिदोबा, शिक्षा नंतर. तुझी हौसा माझ्याजवळ राहील. तू नीघ."

निघताना त्याला एकच गोष्ट विचारायची होती, पण ती विचारता येईना. हौसा त्याचं नाव विसरली की नाही, हे कळावं कसं? जे नाव तिनं कधी घेतलंच नाही, ते गेलं काय आणि राहिलं काय, बाहेरून सारखंच. तरी दारात थांबून तो म्हणाला, "अगं, माझं नाव काय?"

हौसानं पदर ओढून मान फिरवली. ती लाजली, की तिला आठवेना? सिदोबाला कळलं नाही. तो तसाच वाटेला लागला.

थोरलं तळं दोन दिवसांच्या वाटेवर, रानात. सिदोबाच्या पूर्वजांनी बांधलेलं, पण कित्येक वर्षांत तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. शेवाळानं ते काठोकाठ झाकलं होतं. पायरीवर एक बाई पाण्यात पाय सोडून केस विंचरीत बसली होती. तिच्या केसांतून थेंब गळत, पण खालचं पाणी हलत नसे. तळ्यात राहणाऱ्या सात जलदेवता, म्हणजे आसरा, त्यांतली ती सगळ्यांत धाकटी. सिदोबानं डोळे खाली घातले.

"कोण रे, पोरा?" आसरा म्हणाली.

"तळेकरी आहे, आई. विरजण मागायला आलोय."

"तळेकरी? मग तुझ्या घराण्याला आमची आठवण आज झाली?" तिनं केस मागं टाकले. "तीन कामं सांगते. पहिलं, हे तळं निवळ कर. पण बेडकाचं एक अंडं तुटता कामा नये. दुसरं, घागर भरून ने. वाटेत खाली ठेवायची नाही, मागं वळायचं नाही, कुणाला ओ द्यायची नाही. तिसरं काम तुझं नाही."

"मग कुणाचं?"

"पोरक्या पाण्याला घर कसं असतं ते ठाऊक नाही. विरजण लागलं की ते पहिल्यांदा घराची चौकशी करील. घरात कोण, म्हणून विचारील. बुडणाऱ्यांपैकी एकानं खरं नाव सांगितलं तर सगळे सुटतील. कुणालाच सांगता आलं नाही तर सगळे जातील. तू सांगायचं नाहीस. ओठ हलवायचे नाहीत, खूण करायची नाही. पाण्याला लबाडी लगेच कळते. तुझी एकदा कळलीच आहे."

सिदोबा दुसऱ्या दिवशी उजाडताच गळ्याइतक्या पाण्यात उतरला. शेवाळ ओरबाडलं नाही. केसांतला गुंता काढावा तसं बोटांनी सोडवलं, मूठभर मूठभर काठावर ठेवलं, आणि त्यात जीव असेल तो परत पाण्यात जावा म्हणून प्रत्येक मूठ निथळू दिली. पायाखाली कुणीतरी सहा जणी फिरत होत्या. थंड हात त्याच्या घोट्यांना चाचपून जात. तो म्हणे, "जरा सरा, बायांनो, इथलं काढायचंय," आणि हात सरत. सूर्य कलला तेव्हा तळं उघडं झालं. एकही अंडं तुटलं नव्हतं.

घागर भरून तो निघाला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. दमला तर झाडाला टेकून उभ्याउभ्या डोळे मिटी.

पहिल्या दिवशी मागून कारभाऱ्यांचा आवाज आला. "म्हातारबा, थांब! राजा बरा झाला. ते घाण पाणी टाक आणि बक्षीस घे." सिदोबा चालत राहिला.

संध्याकाळी मागून त्याच्या मेलेल्या बापाचा आवाज आला. "पोरा, घागर जड झाली असेल. दे इकडं." सिदोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी, दुपार डोक्यावर असताना, मागून हौसाचा आवाज आला. अगदी तिचाच. "सिदोबा, अरे सिदोबा, मागं तरी बघ!"

सिदोबाचे पाय क्षणभर थबकले आणि पुन्हा चालू लागले. हौसा कधी असं हाकारणार नाही. पण चालता चालता त्याच्या मनात आलं, की हे नाव तिच्या आवाजात आपण ऐकलं ते पहिल्यांदा, आणि कदाचित शेवटचंही. मग त्याला ऊन जाणवेनासं झालं.

आठव्या दिवशी दिवस मावळायच्या आत तो महालाच्या परसात पोचला. ओसरीवर राजा आणि हौसा समोरासमोर बसून वालाच्या शेंगा सोलीत होते. राजाचा मुकुट राणीनं काढून ठेवला होता, 'हे काय?' असं तो सारखा विचारी म्हणून.

"मावशी, मी कोण?" राजानं विचारलं.

"मला काय ठाऊक, बाबा," हौसा म्हणाली. "शेंगा सोल."

तिनं वर पाहिलं. घागर घेतलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

सर्वांत वरच्या दगडाशी सिदोबानं घागर टेकवली, तोंडाशी सुताची वात लावली आणि थेंब थेंब पाणी सोडलं. घाईनं ओतलं तर नवं पाणी जुन्याला फाडतं, दूध फाटतं तसं. थेंब सात दगडांवरून उतरून तळ्यात पडे आणि तिथं हिरवट धागा पसरे. तळ्याकडं पाठ करून तो बसून राहिला.

राणी वरच्या खिडकीत उभी होती. "सिदोबा," ती हळूच म्हणाली, "तळाशी तिघं निजलीत. मोर, महाराज आणि तुझी हौसा. डोळे उघडे आहेत."

"बघू नका, राणीसरकार. लागू द्या."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

नवव्या दिवशी सूर्य माथ्यावर आला आणि घागरीतला शेवटचा थेंब पडला. ओसरीवर राजा उठला. हौसा उठली. दोघांच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. दोघं एका पावलानं चालत तळ्याकडं आली. राणी धावत खाली आली, कारभारी आले, शिपाई आले. सिदोबा काठावर उभा राहिला आणि त्यानं ओठ दातांखाली धरले.

दोघं घोटाभर पाण्यात गेली तेव्हा पाणी बोललं. आवाज लहान पोराचा होता.

"तुझ्या घरात कोण? नाव सांग."

राजानं तोंड उघडलं. नुसता श्वास निघाला. बोलणंच तो सकाळी विसरला होता. पाणी त्याच्या कमरेला लागलं.

"तुझ्या घरात कोण? नाव सांग."

पाणी हौसाच्या गुडघ्याला आलं. तिनं मान वळवून सिदोबाकडं पाहिलं. त्या नजरेत ओळख होती की नव्हती? चाळीस वर्षं त्यानं ही नजर पाहिली होती, आणि आज ती त्याला वाचता येईना. आपलं नाव त्याच्या घशाशी आलं. त्यानं ते गिळलं. पाणी तिच्या कमरेला आलं. हौसानं राणीकडं पाहिलं, कारभाऱ्यांकडं पाहिलं, शिपायांकडं पाहिलं. पाणी छातीला आलं. राणीनं डोळे मिटून घेतले.

"तिसऱ्यांदा विचारतो," पाणी म्हणालं. "तुझ्या घरात कोण?"

हौसानं ओला पदर डोक्यावर ओढला आणि कडाडली, "अहो, इतक्या माणसांत घ्यायला लावता?"

सिदोबा तिथंच काठावर बसला.

हौसा पाण्याकडं वळली, आणि उखाणा नाही, आढेवेढे नाहीत, दुसऱ्या गावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या घरात सिदोबा! झालं समाधान?"

तेव्हा सगळ्यांत वरचा दगड बोलला. मग दुसरा, मग तिसरा. सातही दगडांवरून पाणी धो धो बोलू लागलं, आणि राणीनं दोन्ही हात कानांवर नेले, झाकायला नाही, धरून ठेवायला. तळातून तिघांची रूपं वर आली आणि आपापल्या धन्याच्या पायाशी चिकटली. मोर ओलाचिंब होऊन काठावर चढला आणि सगळ्या राज्यावर रागावल्यासारखा केकाटला.

राजानं खाली पाहिलं. "माझ्या मोजड्या कुणी भिजवल्या?" तो म्हणाला. तेव्हा राजा परत आला हे सगळ्यांना कळलं.

मग राजानं न्याय केला. बराच वेळ विचार करून केला, हेही त्या राज्यात पहिल्यांदाच घडलं. कारभाऱ्यांनी रोज सकाळी अनवाणी येऊन तळ्यातली पानं हातानं वेचावी. तळं कधी तळापर्यंत उपसू नये, फार घासू नये. नवं तळं भरेल तिथं जुन्या पाण्याची घागर पुढं आणि राजाची पालखी मागं चालावी. सिदोबानं दर साल थोरल्या तळ्याचं शेवाळ काढायला जावं. सिदोबा म्हणाला, "ही शिक्षा नव्हे, सरकार." राजा म्हणाला, "मग ते काम समज."

त्या दिवशी दोघं परसात काठावर बसून भाकरी खात होती. आमटीत मीठ अंमळ जास्तच होतं. पाण्यात एक म्हातारा आणि एक म्हातारी शेजारी शेजारी हलत होती.

"तुमचं आयुष्य कमी केलं मी," हौसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"किती?"

"एका नावाएवढं."

सिदोबानं घास गिळला. पाण्याचा आवाज ऐकत बसला. मग हळूच म्हणाला, "अगं, आणखी एकदा घे की."

"आधी परत बुडवा मला," हौसा म्हणाली, "मग घेते."

त्यांचं पाणी जसं बोलतं झालं, तसं ज्याच्या त्याच्या घरचं मुकेपण सरो. सांगणाऱ्याचा घसा सुकला, ऐकणाऱ्यांनी पाणी द्यावं.